यरुशलेमची घासाघीस

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर, कॉफी दळायचा एक पितळी ग्राइंडर होता. हाताने फिरवायचा, उभट, वर घडी होणारा दांडा. शिकागोतलं एक अरबी कॅफे बंद पडलं तेव्हा खुर्च्या, ओव्हन आणि फ्रीजबरोबर तो माझ्याकडे आला. माझा धंदाच तो आहे. बंद पडणाऱ्या हॉटेलांचं सामान घ्यायचं आणि नव्याने हॉटेल काढणाऱ्यांना विकायचं. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या कडेला, गोदामांच्या रांगेत माझं दुकान आहे. लोक मागच्या दाराने सामान उतरवून जातात तेव्हा त्यांची तोंडं बघवत नाहीत. पुढच्या दाराने येणारे तेच सामान हसत हसत घेऊन जातात. मी दोघांशीही तितकीच घासाघीस करतो.

त्या ग्राइंडरवर एका माणसाचा डोळा होता. तो दातांचा निवृत्त डॉक्टर, माझ्याहून वयाने बराच मोठा. त्याचा जन्म यरुशलेमचा. जुन्या शहराच्या तटाच्या आत त्याच्या वडिलांचं घर होतं आणि त्या घरात अगदी असाच ग्राइंडर होता, असं तो म्हणायचा. शिकायला म्हणून तो अमेरिकेत आला, इथेच राहिला, आणि इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे यरुशलेमात राहण्याचा त्याचा हक्क संपला. आता तो अमेरिकन पासपोर्ट घेऊन पाहुण्यासारखा जाऊ शकतो, एवढंच. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मराठीत सांगताना मला त्याला अरे-तुरेच करावंसं वाटतं. आमची मैत्री तशी होती.

शनिवारी दुपारी तो दुकानात यायचा. आधी दुसरंच काहीतरी बघायचा, ट्रे उचलायचा, सुऱ्यांची धार बोटाने तपासायचा. मग सहज वर बघितल्यासारखं करायचा.

“अजून विकला नाहीस?”

“गिऱ्हाईक येऊन गेलं सकाळी. परत येतो म्हणालं.”

“खोटारडा. या भावात याला तुझा बापही घेणार नाही.”

“माझा बाप चहा प्यायचा.”

मग तो एक आकडा सांगायचा, मी कपाळाला हात लावायचो. तो दारापर्यंत जायचा, मी जाऊ द्यायचो. तो परत यायचा. मी दोन स्टुलं ओढायचो, चहा करायचो, आणि तो चहाला नावं ठेवत बसायचा. दर आठवड्याला मी भाव थोडा उतरवायचो आणि पुढच्या आठवड्याला काहीतरी कारण काढून परत चढवायचो. विकायचा नव्हताच मला तो. विकला असता तर शनिवारचं काय केलं असतं?

आमची ओळख चर्चमध्ये झाली. ते चर्च माझ्या बायकोने निवडलं होतं, तिथलं गायन चांगलं म्हणून. ती गेल्यावरही मी जात राहिलो. मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत. घरात मी एकटा. रविवारी निदान कुणीतरी नावाने हाक मारायचं. उपासनेच्या मध्ये सगळ्यांनी उठून एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा द्यायच्या, हात मिळवायचा, अशी तिथे पद्धत आहे. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मागच्या बाकावरच्या या म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि माझ्या तोंडून सवयीने “सलाम” निघालं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर तसंच म्हणतात. त्याने माझा हात सोडलाच नाही.

“तू अरब आहेस?”

“नाही. नगरचा.”

नगर कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण पुढच्या रविवारी तो माझ्या बाकावर येऊन बसला. चर्चमधले लोक मला विचारायचे, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? महाराष्ट्र मंडळात गेलो तर विचारायचे, तुम्ही ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता? दोन्हीकडे डोकं फिरायचं. डॉक्टरलाही हाच प्रश्न यायचा, तुमचं कुटुंब ख्रिस्ती कधी झालं? तो शांतपणे सांगायचा, “तुमच्याकडे बातमी पोहोचायच्या आधी.” आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. मी त्या बाकावर बसायला लागलो ते त्या डोळा मारण्यासाठी.

लहानपणी मला यरुशलेम जकात नाक्याच्या पलीकडे आहे असं वाटायचं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, येशू यरुशलेमात शिरला त्याची आठवण म्हणून, आमच्या वस्तीतून देवळापर्यंत, म्हणजे आमच्या चर्चपर्यंत, मिरवणूक निघायची. हातात शिंदीच्या झावळ्या, पुढे ढोलकी, मागे आया. पाळकसाहेब म्हणायचे, आता आपण यरुशलेमात शिरतोय. नाक्यावरचा शिपाई दोर खाली सोडून बसलेला असायचा, तो आम्हाला बघून दोर वर करायचा. माझे वडील मिशनच्या शाळेत सुतार होते. ते त्या शिपायाला सलाम करायचे. मला वाटायचं, यरुशलेमचा राखणदार तो हाच.

हे मी डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, “दोर वर करायचा ना? मग तुझं यरुशलेम बरं होतं.”

त्याची थोरली बहीण त्या शहराच्या बाहेर, डोंगराच्या अलीकडच्या गावात राहायची. गच्चीवरून तिला शहरातल्या टेकडीवरचं मिशनचं हॉस्पिटल दिसायचं. तिला कॅन्सर झाला होता आणि ज्या उपचारांची तिला गरज होती ते त्याच हॉस्पिटलात मिळत होते. पण मध्ये लष्कराची चौकी. चौकी ओलांडायला परवाना लागतो, तो प्रत्येक वेळी नव्याने मागावा लागतो, आणि हॉस्पिटलने दिलेली तारीख उलटून गेल्यावर तो यायचा किंवा यायचाच नाही. शनिवारी ग्राइंडरचं भांडण संपलं की तो बहिणीचं सांगायचा. सगळ्यात आधी मला सांगायचा, मग चर्चला. ती गोष्ट मी मनात जपून होतो.

आमच्या चर्चचे काही लोक दर वसंतात वॉशिंग्टनला जातात. देशभरातल्या अशा चर्चेसचा एक गट आहे. अमेरिकेने त्या शहराबद्दल काय भूमिका घ्यावी हे खासदारांच्या ऑफिसात जाऊन सांगायचं, हे त्यांचं काम. हायवेपलीकडे एक भलंमोठं चर्च आहे, तिथलेही लोक जातात, पण नेमकं उलटं सांगायला. ते शहर देवाने फक्त ज्यूंना दिलं, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या महिन्याच्या प्रार्थनेतही निम्मे लोक त्याच मताचे. एकजण मला म्हणाला होता, “काका, शास्त्रात सगळं लिहिलेलं आहे, तुम्ही कशाला या भानगडीत पडता?” मी त्याला म्हटलं, शास्त्रात त्या म्हातारीचं हॉस्पिटल कुठे लिहिलंय ते दाखव.

मला वॉशिंग्टनला न्यायचं डॉक्टरने सुचवलं. “मी बोलायला लागलो की माझा गळा भरून येतो,” तो समितीला म्हणाला. “याला गळा नाहीच. याला घ्या.”

समितीच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचो, कारण त्यांच्यासमोर आपोआप ताठ बसायला व्हायचं. जाण्याआधी चर्चच्या तळघरात त्यांनी आमचा सराव घेतला. खासदाराच्या ऑफिसात काय बोलायचं ते नीट ठरलेलं होतं. त्या शहरावर एकाचाच हक्क अमेरिकेने मानू नये. ते ज्यू आणि अरब, दोन्ही समाजांचं आणि तिन्ही धर्मांचं आहे. त्याचा निकाल दोघांनी बसून लावावा, तोवर कुणाला तिथल्या घरातून हुसकू नये. आणि या अर्थाच्या ठरावावर खासदारांनी सही करावी.

“मागणी एकच,” बाई म्हणाल्या. “कितीही फाटे फोडले तरी तीच.”

मी हात वर केला. “आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर पुन्हा तीच सांगायची.”

“ठीक आहे. पण खाली कुठवर यायचं?”

सगळे हसले. बाईही हसल्या. “खाली यायचंच नाही.”

मीही हसलो. मनात म्हटलं, बरोबर आहे, दुकान उघडताना प्रत्येक दुकानदार असंच म्हणतो. आपला खालचा भाव काय आहे ते कुणी उघड बोलत नाही. तो प्रत्येकाने मनात ठेवायचा असतो. माझ्या मनातला ठरला होता, आणि मी समजून चाललो की डॉक्टरच्या मनातलाही तोच असणार.

वॉशिंग्टनमधलं ते ऑफिस माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीएवढंही नव्हतं. खासदार भेटलाच नाही. परराष्ट्राचे विषय सांभाळणारा एक तरुण भेटला, नीट भांग पाडलेला, पायात महागडे बूट. त्याने आम्हाला बसवलं, पाणी विचारलं. बाई बोलल्या, चांगलं बोलल्या. मग डॉक्टर बोलला. वडिलांचं घर, बहीण, गच्ची, समोर दिसणारं हॉस्पिटल. तरुणाने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “विषय फार गुंतागुंतीचा आहे. ठरावाबाबत साहेब आत्ता शब्द देऊ शकणार नाहीत.”

बाईंनी मागणी पुन्हा सांगितली. त्याने तेच उत्तर पुन्हा दिलं. फक्त या वेळी त्याचा डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे गेला.

तो डोळा मला ओळखता येतो. अख्खं आयुष्य मी त्या डोळ्यावर काढलं आहे. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतं तेव्हा त्याचं मन मोठ्या वस्तूवरून उठलेलं असतं, पण हात हलवत जायची त्यालाही लाज वाटत असते. छोटी वस्तू पुढे करायची ती तेव्हाच. मी माझी बॅग उचलली आणि उभा राहिलो.

“चला,” मी म्हणालो. “यांच्याकडे आपल्याला द्यायला काही नाही. शॉमबर्गला जाऊन सांगू, पाणी मात्र थंडगार होतं.”

“सर, तसं नाही,” तो तरुण म्हणाला. “बसा ना.”

मी बसलो नाही. “तो ठराव ठेवा बाजूला. शहर कुणाचं ते राहू दे. आज तुमच्या हातात काय आहे तेवढं सांगा. हे तुमचे मतदार आहेत. यांच्या बहिणीला हॉस्पिटलात जायचा परवाना हवा आहे. विचारणा करू शकता की नाही?”

त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. “विचारणा आम्ही करू शकतो. परराष्ट्र खात्यामार्फत.”

“कधी?”

“या आठवड्यात.”

“आज.”

“आज,” तो म्हणाला, आणि हसला. मी हात पुढे केला, त्याने मिळवला. सौदा झाला. मी डॉक्टरकडे बघितलं. तो डोळा मारेल असं मला वाटलं होतं. तो जमिनीकडे बघत होता.

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाई थांबल्या. मुलाला वर्गाबाहेर काढतानाचा त्यांचा आवाज तसाच असणार.

“आत्ता तुम्ही काय केलंत ते तुमच्या लक्षात येतंय का?”

“काम केलं. तुम्ही कविता म्हटलीत, मी काम केलं.”

“ठराव बाजूला ठेवा, असं म्हणालात तुम्ही. आमच्या सगळ्यांच्या वतीने.”

“मग काय म्हणायचं होतं? तुमचा ठराव त्या बाईला चौकीपलीकडे नेतो का? सांगा, नेतो का?” माझा आवाज चढला. चढतोच. लांबवर उभा असलेला सुरक्षारक्षक आमच्याकडे बघायला लागला. “रिकाम्या हाताने परत जायची हौस असेल तर मला कशाला आणलंत?”

डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, “मला विचारलं का नाहीस?”

“काय विचारायचं? तुझीच बहीण ना ती?”

“बहीण माझी. शहरही माझं.” तो अजून माझ्याकडे बघत नव्हता. “तिच्यासाठी मी भीक मागितली असती तर ती माझी मी मागितली असती. त्या भिकेत तू माझं घर घातलंस. तेही उभ्या उभ्या, बॅग हातात घेऊन.”

विमानात त्याची जागा माझ्या शेजारी होती. त्याने बदलून घेतली.

काही आठवड्यांनी परवाना आला. बहीण हॉस्पिटलात गेली, पहिल्या टप्प्याचे उपचार पूर्ण झाले. त्या विचारणेमुळे आला की असाच आला, कोण सांगणार. चर्चमध्ये डॉक्टरने उभं राहून सगळ्यांचे आभार मानले, प्रार्थना केल्याबद्दल. माझं नाव घेतलं नाही. नंतर मात्र बाईंचा गट त्या ऑफिसात पुन्हा गेला तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याच लोकांनी शहराचा प्रश्न बाजूला ठेवला आहे, रुग्णांच्या परवान्यांना प्राधान्य आहे, असं आमच्याकडे नोंदलेलं आहे. हे मला बाईंनी चर्चच्या पार्किंगमध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी त्या म्हणाल्या, “या वेळी आपण जरा छोटा गट नेतोय.” परत आल्यावर त्यांचा फोटो चर्चच्या फळ्यावर लागला. आदल्या वर्षापेक्षा माणसं जास्त होती.

मला राग आला, आणि तो अजून आहे. मी त्यांच्यासाठी रिकाम्या हातातून काहीतरी काढून आणलं. ज्याने आयुष्यात कधी घासाघीस केली नाही त्याला रिकाम्या हाताचा अभिमान वाटू शकतो, कारण त्याच्या घरात आधीच सगळं असतं. माझ्या वडिलांनी शाळेची सगळी बाकं बनवली आणि आपल्या पोराची फी माफ व्हावी म्हणून साहेबांच्या दारात उभे राहिले. अर्धी माफ झाली. अर्धी घेऊन ते घरी आले. पूर्ण द्या नाहीतर नको, असं म्हणाले असते तर मी आज कुठे असतो?

मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती जेवण गरम करत होती, मायक्रोवेव्हचा आवाज येत होता.

“पप्पा, तुम्ही लिटरली उठून उभे राहिलात? काँग्रेसमनच्या ऑफिसमध्ये?”

“तोच तर डाव असतो.”

“इट्स नॉट अ फ्रीज, पप्पा.”

“फ्रीज असता तर तुझ्या त्या बाईंना चांगला भाव मिळाला असता.”

“माझ्या नाहीत त्या. बट आय गेट हिज पॉइंट. काकांना तुम्ही विचारायला हवं होतं, यार.”

मी फोन ठेवला. त्याला काका म्हणते, आणि बाजूही त्याचीच घेते.

त्यानंतर एका शनिवारी डॉक्टर दुकानात आला. मी काउंटरमागे होतो. किती दिवसांनी आला होता. मी मान वर केली नाही, त्याने आधी बोलावं म्हणून. आपण आधी बोललो की भाव आपला पडतो. तो ट्रे बघत फिरला नाही, सुऱ्यांची धार बघितली नाही. सरळ काउंटरपाशी आला आणि वर बोट दाखवलं.

“तो काढ.”

मी स्टुलावर चढून ग्राइंडर काढला. धूळ पुसली. खालच्या बाजूला लेबल होतं, पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून लावलेलं, कुठल्याही शहाण्या माणसाने दिली नसती अशी किंमत. त्याने ते वाचलं आणि पाकिटातून कार्ड काढलं.

“अरे, ती किंमत नाही,” मी म्हणालो.

“इथे लिहिली आहे.”

“लिहिली आहे म्हणून काय झालं? काहीतरी बोल. अर्धी बोल.”

“नको,” तो म्हणाला. “आहे ती घे.”

मी कार्ड फिरवलं. दुसरं काय करणार होतो? मशीनमधून कागद निघाला, त्याने सही केली, ग्राइंडर छातीशी धरला आणि गेला. दारापर्यंत गेला, आणि परत आला नाही. मी दोन स्टुलांपैकी एक मागे नेऊन ठेवलं. एवढा भाव मला त्या वर्षात कशालाच मिळाला नव्हता. आणि तेवढी चोरी कुणी माझ्याकडे कधी केली नव्हती, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

आता रविवारी तो पुढच्या बाजूला, डावीकडच्या बाकांवर बसतो. शांतीच्या शुभेच्छांच्या वेळी आम्ही दोघेही नेमके आपापल्या शेजाऱ्यांत गुंतलेले असतो. चर्च सोडून दुसरीकडे जावं असं मुलगी म्हणते. मी का जाऊ? जागा माझी आहे, बाकावर बायकोच्या शालीचा वास नसला तरी बाक तोच आहे.

या वसंतात, झावळ्यांच्या रविवारच्या आधी, प्रार्थनेच्या विनंत्या वाचताना बाई म्हणाल्या, आपल्या बंधूंच्या भगिनीचा आजार परत उलटला आहे, नवा परवाना अजून मिळालेला नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी ते इतर सगळ्यांबरोबर ऐकलं. माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस, जो डॉक्टरशी आयुष्यात धड बोललाही नसेल, त्यालाही ते त्याच क्षणी कळलं. प्रार्थनेसाठी डोळे मिटले होते सगळ्यांनी. मी मिटले नाहीत. डॉक्टरची पाठ दिसत होती. कोट खांद्यांवर ढिला झाला होता.

सोमवारी दुकान बंद ठेवून मी खासदाराच्या स्थानिक ऑफिसात गेलो. ते आमच्याकडेच आहे, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. वॉशिंग्टनमधला तो तरुण नोकरी सोडून गेल्याचं कळलं. काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची.

“तुम्ही नातेवाईक आहात का त्यांचे?”

“नाही.”

“मग त्या चर्चच्या गटातर्फे?”

“नाही.”

“मग कोणातर्फे?”

“मी दुकानदार आहे,” मी म्हणालो. “मतदार आहे. लिहून घ्या.”

तिने लिहून घेतलं. आधी मी बहिणीचं सांगितलं. आजार, हॉस्पिटल, परवाना. ती भराभर टाइप करत होती, अशी कामं तिच्या रोजच्या सवयीची असावीत. मग मी शहराचं सांगायला लागलो. एकाचाच हक्क मानू नये, दोघांचं आहे, तिघांचं आहे, कुणाला घरातून काढू नये. ठराव. बाईंनी तळघरात घोटून घेतलेलं सगळं मला अजून पाठ होतं, त्याच क्रमाने. तिची बोटं थांबली.

“सर, हा धोरणाचा विषय आहे. तो वॉशिंग्टनचं ऑफिस बघतं. आपण परवान्याचं आधी करूया का? यातलं तुमचं प्राधान्य कशाला आहे?”

किती सरळ प्रश्न होता. याच प्रश्नासाठी मी कॉरिडॉरभर ओरडलो होतो. मी हो म्हटलं असतं तर तिने तिथेच फोन उचलला असता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि माझं मत काही बदललेलं नव्हतं, मला आजही वाटतं की म्हातारी आधी. पण ती माझी बहीण नव्हती, शहर माझं नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याने लेबलवरची किंमत देऊन मला सांगितलं होतं की यात तू बोलायचं नाहीस.

“दोन्ही,” मी म्हणालो.

“पण आधी कुठलं?”

“दोन्ही आधी. एकाच कागदावर लिहा. एकही बाजूला ठेवायचं नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी बॅग उचलली नाही, उठलो नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. असा मी आयुष्यात कुठल्याच सौद्यात बसलेलो नाही. शेवटी तिने दोन्ही टाइप केलं, वाचून दाखवलं, आणि मी खाली उतरलो. गाडीत बसल्यावर कुणाला फोन करावा ते सुचेना. सनीव्हेलला मीटिंगची वेळ होती. दुकान उघडलं आणि एका जुन्या फ्रायरचं तेल खरवडत बसलो.

ईस्टर होऊन गेल्यावर एका रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये मागून कुणीतरी हाक मारली. डॉक्टर त्याच्या गाडीच्या दारापाशी उभा होता.

“त्या ऑफिसातून बाईंना फोन आला होता,” तो म्हणाला. “एक भारतीय गृहस्थ येऊन गेले, ते तुमचे का, असं विचारलं.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, नाही.”

“बरोबरच आहे.”

“मग त्यांनी तुझा कागद वाचून दाखवला.” तो किल्ल्या चाळवत होता. “खाली नाही आलास?”

“नाही.”

“काहीच?”

“नाही म्हटलं ना.”

त्याने जुडग्यातून गाडीची किल्ली काढून हातात धरली. मग म्हणाला, “परवाना आला. परवा. तिचा आला. तिची मुलगी सोबत जाणार होती, त्या मुलीचा नाही आला.”

“मग कोण गेलं बरोबर?”

“कोणी नाही. एकटी गेली. चौकीपर्यंत मुलीने सोडलं, पुढे एकटी.” त्याने गाडीचं दार उघडलं, आत बसला. “व्हीलचेअर होती. ती ढकलायला कोण होतं, ते मी विचारलं नाही.”

त्याने दार लावलं, बाजूची काच खाली केली आणि समोर बघत म्हणाला, “त्या ग्राइंडरचा दांडा निघाला. स्क्रू गेला कुठेतरी.”

“आण दुकानात. बसवून देतो.”

“किती घेशील?”

मी तोंडाला आला तो आकडा सांगितला. एका स्क्रूला कुणी ऐकलाही नसेल असा. सांगून थांबलो. तो खोटारडा म्हणेल, निदान कपाळाला हात लावेल, म्हणून मी खिडकीपाशी वाकून उभा राहिलो.

त्याने काच वर केली आणि गाडी मागे घेतली.

त्याच दिवशी घरी न जाता मी दुकानात गेलो आणि सुट्या भागांच्या डब्यांत शोधून शोधून त्या मापाचा पितळी स्क्रू काढला. तो काउंटरवर, कार्डाच्या मशीनशेजारी ठेवला आहे. मागे नेलेलं स्टूलही पुढे आणून ठेवलं. बरेच शनिवार गेले. डॉक्टर अजून आलेला नाही.